पाऊस साठ मिलिमीटर. ओढ्याला पाणी किती?

पाणलोटातली माती आणि जमिनीचा वापर यांवरून अपधाव कसा काढावा

मंडळात ६० मिलिमीटर पाऊस झाल्याची नोंद सकाळी मोबाइलवर येते. जूनच्या पहिल्या आठवड्यात एवढ्या पावसाने गावचा ओढा जेमतेम ओला होतो. जुलैच्या झडीत तेवढाच पाऊस बंधाऱ्यावरून वाहू लागतो. सप्टेंबरात, रान तुडुंब भिजलेले असताना पडला, तर मातीचा बांधही घेऊन जातो. पर्जन्यमापकातला आकडा तिन्ही वेळा एकच. फरक पडला तो पाऊस ज्या जमिनीवर पडला तिच्यात.

तरीही आपल्याकडचे बरेच अंदाज ‘पडलेल्या पावसाच्या इतके टक्के’ अशा एका वाक्यात उरकले जातात. शेततळे भरेल का, बंधाऱ्याचा सांडवा किती रुंद ठेवायचा, गावाच्या ताळेबंदात वाहून जाणारे पाणी किती धरायचे, या सगळ्यांना तीच टक्केवारी. ती नेमकी कोणत्या मातीवरची, कोणत्या महिन्यातली, हे सहसा कुणी विचारत नाही. पाणलोट समितीचे सदस्य, कृषी सहायक, अभियांत्रिकीचे विद्यार्थी किंवा जलसंधारणात काम करणारे कार्यकर्ते यांना वही, कॅल्क्युलेटर आणि थोडी पायपीट एवढ्या भांडवलावर यापेक्षा बराच चांगला अंदाज काढता येतो. त्याची रीत इथे क्रमाने मांडली आहे.

आधीचे आडाखे आणि कर्व्ह नंबर

पश्चिम भारतात पावसावरून अपधाव, म्हणजे जमिनीवरून वाहून जाणारे पाणी, काढण्याची परंपरा जुनी आहे. मुंबई इलाख्यातल्या धरणांसाठी डब्ल्यू. एल. स्ट्रेंज यांनी तयार केलेले तक्ते जलसंधारणाच्या कामांत आजही वापरात आहेत. त्यांत पाणलोटाचे चांगले, मध्यम आणि वाईट असे तीन वर्ग आहेत. हे वर्ग धरण बांधणाऱ्याच्या नजरेतून पाडलेले आहेत: जिथून जास्त पाणी वाहून येते ते ‘चांगले’. माती अडवू पाहणाऱ्याने तक्ता वाचताना एवढे ध्यानात ठेवावे. पुढे १९२९ मध्ये इंग्लिस आणि डिसूझा यांनी पश्चिम भारतातल्या ५३ ठिकाणच्या प्रवाहमापनावरून दोन सूत्रे दिली, एक घाटमाथ्याचे आणि एक दख्खनच्या पठाराचे. दोन्ही वार्षिक पावसावर चालतात. त्यांचा उपयोग आपल्याला शेवटी ताळा पाहायला होईल.

एका पावसाचा हिशेब मात्र या सूत्रांतून निघत नाही. त्यासाठी जगभर वापरली जाणारी पद्धत म्हणजे कर्व्ह नंबर. अमेरिकेच्या मृदसंधारण सेवेने ती १९५४ मध्ये आपल्या अभियांत्रिकी हस्तपुस्तिकेत मांडली. व्हिक्टर मॉकस या जलशास्त्रज्ञाचा तीत मोठा वाटा होता. माती, जमिनीचा वापर आणि आधीचा ओलावा या तिन्हींचे सार त्यांनी ० ते १०० मधल्या एका आकड्यात आणले. आकडा जितका मोठा, तितके पाणी मुरायचे कमी आणि वाहायचे जास्त. आपल्या केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या १९७२ च्या जलशास्त्र हस्तपुस्तिकेने भारतासाठी, विशेषतः काळ्या मातीसाठी, यात बदल सुचवले. पुढचा हिशेब त्या बदलांनुसार आहे.

पहिली पायरी: पाणलोटाची हद्द

आधी ठरवायचे की पाणी कोणत्या बिंदूपाशी मोजायचे आहे. बंधाऱ्याची जागा, रस्त्यावरची मोरी, शेततळ्याचे तोंड, काहीही असो. त्या बिंदूकडे उतरणारी सगळी जमीन म्हणजे आपले पाणलोट. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याचे सुमारे दीड हजार पाणलोट पाडले आहेत. पण ते मोठे आहेत, ओढ्याची हद्द आपली आपणच काढावी लागते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या टोपोशीटवर समोच्च रेषा वीस-वीस मीटरने असतात. चार-पाचशे हेक्टरसाठी त्या विरळ पडतात. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आणि उपग्रहावरून मिळणारी उंचीची माहिती वापरून हद्द काढता येते, पण माथ्यावरून एकदा चालून आल्याशिवाय ती पक्की समजू नका.

चालताना दोन गोष्टी बघा. पहिली, रस्त्याचा किंवा कालव्याचा भराव. नकाशावर उतार सरळ ओढ्याकडे दिसतो आणि भरावामुळे पाणी शेजारच्या नाल्यात गेलेले असते. दुसरी, वरच्या अंगाचे पाझर तलाव आणि बंधारे. ते भरेपर्यंत त्यांच्या वरचे पाणी खाली येत नाही, म्हणून त्यांची साठवण आणि तेव्हा त्यांत असलेले पाणी वेगळे लिहून ठेवा.

दुसरी पायरी: माती कोणत्या गटात?

कर्व्ह नंबरसाठी मातीचे चार गट करतात. निकष एकच: माती पूर्ण भिजल्यावर तिच्यात पाणी कोणत्या वेगाने मुरते.

अ गट: ताशी ७.६ मिलिमीटरहून जास्त. नदीकाठची खोल, वाळूमिश्रित जमीन.
ब गट: ३.८ ते ७.६ मिलिमीटर. बऱ्यापैकी खोल, पोयट्याची, निचऱ्याची जमीन.
क गट: १.३ ते ३.८ मिलिमीटर. चिकणपोयट्याची, मध्यम काळी जमीन.
ड गट: १.३ मिलिमीटरहून कमी. भारी काळी, चोपण, किंवा सलग कातळावर वीतभर माती असलेली जमीन.

नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे नकाशे पहिल्या अंदाजाला पुरतात. गावपातळीवर मात्र विहिरीचे काठ, ओढ्याची दरड आणि नव्याने खणलेले खड्डे बघून मातीची खोली आणि खालचा थर तपासावा. माती उथळ असली तरी खाली सुटा मुरूम असेल तर पाणी खाली जाते, सलग कातळ असेल तर जात नाही. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन माळांचे गट यामुळे वेगळे पडू शकतात.

काळ्या मातीपाशी सगळ्यात मोठी फसगत होते. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. तेव्हा दुहेरी कड्याच्या उपकरणाने मुरण्याचा वेग मोजला, तर पाणी भेगांत उतरते आणि भारी जमीन थेट अ गटात जाऊन बसते. जुलैत तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि मुरणे जवळजवळ थांबते. गट ठरवायचा तो या भिजल्या-फुगल्या अवस्थेवरून. मापन पावसाळ्यात करा, नाहीतर कड्यात पाणी भरत राहून वेग स्थिर होईपर्यंत थांबा. कोरडेपणाचा हिशेब पुढच्या पायरीत वेगळा येणार आहे, तो इथे घेतला तर दोनदा धरला जाईल.

तिसरी पायरी: वापर आणि नंबर

आता पाणलोटाचे तुकडे पाडा: शेती, माळरान, वन, गावठाण, रस्ते. ‘इस्रो’च्या भुवन संकेतस्थळावरचे भूवापराचे नकाशे सुरुवातीला घ्या. त्यांच्या जोडीला गावातल्या ई-पीक पाहणीच्या नोंदी आणि प्रत्यक्ष फेरी हवीच. उपग्रहाचे चित्र कोणत्या महिन्यातले आहे ते आधी बघा. फेब्रुवारीच्या चित्रात मोकळे दिसणारे रान ऑगस्टमध्ये सोयाबीनने झाकलेले असू शकते. उलट, सोलापूरकडे रब्बी ज्वारीसाठी राखलेली भारी जमीन ऐन पावसाळ्यात उघडी असते.

भारतीय परिस्थितीसाठी, मध्यम ओलावा धरून वापरले जाणारे नंबर असे आहेत:

| जमिनीचा वापर | अ | ब | क | ड |
|---|---|---|---|---|
| बांध नसलेली, सरळ ओळीत पेरलेली शेती | ७६ | ८६ | ९० | ९३ |
| बांधबंदिस्तीची शेती, बांध पडझडीचे | ६७ | ७५ | ८१ | ८३ |
| बांधबंदिस्तीची शेती, बांध शाबूत | ५९ | ६९ | ७६ | ७९ |
| भातखाचरे | ९५ | ९५ | ९५ | ९५ |
| फळबाग, खाली आच्छादन | ३९ | ५३ | ६७ | ७१ |
| दाट वन | २६ | ४० | ५८ | ६१ |
| झुडपी वन | ३३ | ४७ | ६४ | ६७ |
| चराऊ रान, उजाड | ६८ | ७९ | ८६ | ८९ |
| चराऊ रान, राखलेले | ३९ | ६१ | ७४ | ८० |
| पडीक जमीन | ७१ | ८० | ८५ | ८८ |
| कच्चे रस्ते | ७३ | ८३ | ८८ | ९० |
| पक्का पृष्ठभाग | ७७ | ८६ | ९१ | ९३ |

तक्ता नीट पाहिला की कामाची दिशाही दिसते. भारी जमिनीत बांध नसले तर ९३, शाबूत असले तर ७९. क गटातले उजाड रान ८६, तेच राखले की ७४. मातीचा गट आपल्याला बदलता येत नाही, ओळ मात्र बदलता येते.

शहरी भागासाठी पक्क्या पृष्ठभागाचे हे आकडे कमी पडतात. छपरे आणि काँक्रीट यांना मूळ अमेरिकी तक्त्यात ९८ धरतात, तेच घ्यावे. जमीन किती पाणी पिते याचा अंदाज चुकला की शहराला काय भोगावे लागते, हे मुंबईने पाहिले आहे. तिथली जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातला निम्माच वाहील, असे धरून आखलेली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. असा पाऊस कोणतीच गटारे पेलणार नाहीत हे खरे, पण निम्मे पाणी मुरवायला शहरात उघडी माती कितीशी उरली होती, हा प्रश्न त्या पावसाच्या आधीचाच होता. नव्या आराखड्यात ताशी ५० मिलिमीटर पाऊस आणि तो सगळाच्या सगळा वाहील, असे धरले गेले.

चौथी पायरी: आधीचा ओलावा

मागच्या पाच दिवसांचा पाऊस बेरजेने घ्या. पीक उभे असण्याच्या काळात ती बेरीज ३६ मिलिमीटरच्या आत असेल तर अवस्था पहिली, म्हणजे कोरडी. ३६ ते ५३ असेल तर दुसरी, मध्यम. ५३ च्या वर गेली तर तिसरी, ओली. तक्त्यातले नंबर दुसऱ्या अवस्थेचे आहेत. बाकीच्या दोन अवस्थांसाठी ते असे बदलायचे:

कोरड्या अवस्थेचा नंबर = नंबर ÷ (२.२८१ − ०.०१२८१ × नंबर)
ओल्या अवस्थेचा नंबर = नंबर ÷ (०.४२७ + ०.००५७३ × नंबर)

पावसाची नोंद शक्यतो जवळच्या गावातली घ्या. महावेध प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळांच्या पातळीवर आहेत, पण वळवाचा पाऊस मंडळाची हद्द पाळत नाही. शाळेच्या आवारात साधा पर्जन्यमापक बसवून रोज नोंद ठेवली तर सगळ्या हिशेबाचा पाया पक्का होतो.

नोंदीतली एक खोच सांगितली पाहिजे. रोजचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. पहाटे सुरू होऊन दहापर्यंत पडलेला एकच पाऊस कागदावर दोन दिवसांत विभागला जातो. पुढच्या उदाहरणातल्या पाणलोटात मध्यम ओलाव्यात ६० मिलिमीटरला २५ मिलिमीटर अपधाव येतो. तोच पाऊस ३० आणि ३० असा तोडला आणि अवस्था तीच ठेवली, तर दोन्ही दिवसांचा मिळून जेमतेम १३ येतो. म्हणून सलग पडलेला पाऊस आधी जोडा, मग सूत्रात घाला.

पाचवी पायरी: आकडेमोड

समजा, दख्खनच्या पठारावर ४०० हेक्टरचे एक पाणलोट आहे. त्यात भारी काळ्या जमिनीवरची, बांध पडझडीला आलेली शेती १६० हेक्टर (नंबर ८३). मध्यम जमिनीवरची, बांध शाबूत असलेली शेती १०० हेक्टर (७६). क गटातली पडीक जमीन १०० हेक्टर (८५). त्याच गटातले झुडपी वन ३० हेक्टर (६४). गावठाण आणि पक्के रस्ते १० हेक्टर (९१). प्रत्येक क्षेत्राला त्याच्या नंबरने गुणून, बेरजेला ४०० ने भागले की क्षेत्रानुसार सरासरी नंबर येतो ८०.५.

यावरून जमिनीची कमाल साठवण काढायची. तिला ‘सा’ म्हणू.

सा (मिमी) = २५,४०० ÷ नंबर − २५४

मग अपधाव. काळ्या जमिनीसाठी, मध्यम आणि ओल्या अवस्थेत:

अपधाव = (पाऊस − ०.१ सा)² ÷ (पाऊस + ०.९ सा)

काळ्या जमिनीची कोरडी अवस्था आणि इतर सर्व जमिनींसाठी:

अपधाव = (पाऊस − ०.३ सा)² ÷ (पाऊस + ०.७ सा)

कंसातून जे वजा होते ते पानांवर अडणारे, खळग्यांत साचणारे आणि सुरुवातीलाच मुरणारे पाणी. पाऊस त्याहून कमी असेल तर अपधाव शून्य धरावा. वजाबाकी ऋण आली तरी वर्ग केल्यावर उत्तर धन दिसते, एक्सेलमध्ये हिशेब करणाऱ्यांनी इथे अट घालायला विसरू नये. अमेरिकी पुस्तकांत ०.१ किंवा ०.३ ऐवजी ०.२ असते. तयार सॉफ्टवेअर वापरताना आत कोणता आकडा आहे ते तपासा.

आपल्या पाणलोटात बहुतेक जमीन काळी आहे, म्हणून काळ्या जमिनीची सूत्रे घेऊ. ६० मिलिमीटर पावसाची तिन्ही अवस्थांतली उत्तरे अशी येतात:

कोरडी: नंबर ६४.४, सा १४०.४ मिमी, अपधाव २ मिमी.
मध्यम: नंबर ८०.५, सा ६१.५ मिमी, अपधाव २५.१ मिमी.
ओली: नंबर ९०.६, सा २६.४ मिमी, अपधाव ३९.३ मिमी.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १० घनमीटर, अर्थात दहा हजार लिटर. त्या हिशेबाने ४०० हेक्टरवरून कोरड्या रानात सुमारे ८ हजार घनमीटर, मध्यम ओलाव्यात १ लाख, आणि ओल्या रानात १ लाख ५७ हजार घनमीटर पाणी ओढ्याला येते. टक्केवारीच सांगायची झाली, तर त्याच पावसाचे ३, ४२ आणि ६५ टक्के. यातली कोणतीही एक टक्केवारी घेऊन वर्षभराचे काम आखले, तर ते कधी ना कधी फसणारच.

एवढ्या मोठ्या उडीकडे डोळसपणेही पाहायला हवे. कोरड्या अवस्थेत ४२ मिलिमीटर पावसापर्यंत ओढ्याला काहीच येत नाही आणि मध्यम अवस्थेत सहा मिलिमीटरनंतर पाणी सुटते, असे सूत्र सांगते. पाच दिवसांची बेरीज ३५ ऐवजी ३७ झाली म्हणून जमीन एका रात्रीत अशी पालटत नाही. बेरीज सीमेच्या जवळ असेल तेव्हा दोन्ही बाजूंचे हिशेब करा आणि उत्तर ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे लिहा.

सरासरीचा सापळा

नंबरांची सरासरी सोयीची असली तरी ती अपधाव कमी दाखवते. जमिनीच्या तुकड्यांत फरक जितका जास्त, तितकी तूट मोठी. टोकाचे उदाहरण घ्या. अर्धे पाणलोट क गटातले दाट वन, नंबर ५८, आणि अर्धे तक्त्यातला पक्का पृष्ठभाग, नंबर ९१. सरासरी ७४.५. पाऊस २५ मिलिमीटर आणि ०.३ चे सूत्र घेतले, तर सरासरी नंबर सांगतो की एक थेंबही वाहणार नाही. प्रत्यक्षात पक्क्या अर्ध्या भागावरून ७ मिलिमीटर वाहते, म्हणजे सबंध पाणलोटावर सुमारे साडेतीन.

म्हणून प्रत्येक तुकड्याचा अपधाव वेगळा काढा आणि मग क्षेत्रानुसार बेरीज करा. एक्सेलमध्ये हे पाच मिनिटांचे काम आहे. शहराच्या कडेला वाढणाऱ्या गावांत, डोंगरउतारावर वसाहती चढत असताना, हा फरक छोट्या पावसांत जास्त जाणवतो. पक्के रस्ते आणि वरचे वन एकाच सरासरीत घातले की रस्त्यावरचे पाणी कागदावर गायब होते.

हंगामाचा हिशेब रोजच्या पावसावरून

आणखी एक चूक वारंवार दिसते: हंगामाचा एकूण पाऊस थेट सूत्रात घालणे. आपल्या पाणलोटात ५५० मिलिमीटर एकदम घातला, तर सूत्र ४८९ मिलिमीटर अपधाव देते, म्हणजे जवळपास ८९ टक्के. सूत्राच्या दृष्टीने तो एकच सलग पाऊस असतो. प्रत्यक्षात मधल्या उघडिपीत जमीन पुन्हा कोरडी होते, पीक पाणी शोषते आणि पाच-दहा मिलिमीटरच्या सरी मुरूनच जातात.

बरोबर रीत अशी: जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रोजचा पाऊस एका रकान्यात, मागच्या पाच दिवसांची बेरीज दुसऱ्यात, त्यावरून अवस्था, नंबर आणि अपधाव. शेवटी बेरीज. नंबरही पिकाबरोबर हलवा. जूनमध्ये उघड्या रानाला बांध नसलेल्या शेतीच्या जवळचा नंबर, ऑगस्टमध्ये पीक दाटल्यावर कमी. मागच्या दहा वर्षांच्या नोंदी मिळाल्या तर कोरडे, सरासरी आणि ओले अशी तिन्ही वर्षे काढून ठेवा.

या बेरजेचा ताळा पाहायला इंग्लिस-डिसूझांचे पठाराचे सूत्र उपयोगी पडते. पाऊस सेंटिमीटरमध्ये घेऊन: अपधाव = पाऊस × (पाऊस − १७.८) ÷ २५४. ५५ सेंटिमीटरला उत्तर येते सुमारे ८ सेंटिमीटर, म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास. रोजच्या हिशेबाची बेरीज याच्या तिप्पट-चौपट आली, तर कुठला तरी नंबर किंवा अवस्था चुकली आहे असे समजून मागे फिरा. दुसरीकडे, वर्षात दोन-तीनच मोठे पाऊस झाले असतील, तर हे वार्षिक सूत्र त्यांना न्याय देणार नाही.

सांडव्यासाठी कमाल प्रवाह

आतापर्यंत काढले ते एकूण पाणी. सांडवा आणि मोरी यांना लागतो पुराचा कमाल प्रवाह. त्यासाठी दूरच्या टोकाचे पाणी बिंदूपाशी यायला किती वेळ लागतो ते काढावे लागते. किर्पिचच्या सूत्राने, ओढ्याची लांबी ३ किलोमीटर आणि दोन्ही टोकांच्या उंचीतला फरक ६० मीटर असेल, तर हा वेळ ४२ मिनिटे, म्हणजे ०.७ तास येतो. पाऊस एका तासात पडला असे धरू. पुराचा माथा गाठायला लागणारा वेळ म्हणजे पावसाच्या कालावधीचा अर्धा आणि या वेळेच्या ०.६ पट यांची बेरीज: ०.५ + ०.४२ = ०.९२ तास.

कमाल प्रवाह (घनमीटर प्रति सेकंद) = ०.२०८ × क्षेत्र (चौ. किमी) × अपधाव (मिमी) ÷ माथ्याचा वेळ (तास)

४ चौरस किलोमीटरसाठी मध्यम ओलाव्यात सुमारे २३ आणि ओल्या रानात साडेपस्तीस घनमीटर प्रति सेकंद. तोच पाऊस दिवसभर रिमझिमत पडला तर कर्व्ह नंबर अपधाव तेवढाच दाखवतो, कारण पावसाची तीव्रता त्याला कळत नाही. पूर मात्र त्याच्या जवळपासही जाणार नाही. म्हणून सांडव्याच्या हिशेबात तासाचा पाऊस हाताशी असणे फार महत्त्वाचे.

ओढ्यावर जाऊन पडताळा

तक्त्यातला नंबर ही फक्त सुरुवात असते. गावात पक्का बंधारा असेल तर तोच मापनयंत्र होऊ शकतो. बाजूच्या भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणा रंगवा. पूर चालू असताना दर पंधरा मिनिटांनी माथ्यावरच्या पाण्याची जाडी लिहा. बंधाऱ्याच्या थोडे वरच्या अंगाला, जिथे पाणी अजून खाली झुकलेले नसते तिथली. रुंद माथ्याच्या बंधाऱ्यासाठी:

प्रवाह = १.७ × माथ्याची लांबी × जाडी × जाडीचे वर्गमूळ

बंधारा १२ मीटर लांब आणि पाणी ४० सेंटिमीटर असेल तर प्रवाह सुमारे ५.२ घनमीटर प्रति सेकंद. पंधरा मिनिटांत साडेचार हजार घनमीटरहून अधिक. सगळ्या नोंदींची बेरीज करा, पाऊस सुरू झाल्यावर बंधाऱ्यात भरलेले पाणी त्यात मिळवा आणि क्षेत्राने भागा. हा झाला प्रत्यक्ष अपधाव. आता सूत्रात नंबर वरखाली करून पाहा, कोणत्या नंबराला उत्तर जुळते. असे चार-पाच पाऊस जुळवले की तुमच्या ओढ्याचा स्वतःचा नंबर हाती येतो. छापील तक्त्यापेक्षा त्यावर विश्वास ठेवा. पुराच्या वेळी पात्रात उतरू नका, वाचन काठावरूनच व्हावे.

पद्धत कुठे थकते

कर्व्ह नंबर छोट्या, शेतीच्या पाणलोटांवरून घडलेला आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, जिथे जुलैभर जमीन भिजून तृप्त असते आणि उतार खडे असतात, तिथे दाट वनाचे छोटे नंबर फसवे ठरू शकतात. इंग्लिस-डिसूझांचे घाटाचे सूत्र आहे ०.८५ × पाऊस − ३०.५ सेंटिमीटर. ३०० सेंटिमीटर पावसाला ते साधारण ७५ टक्के अपधाव देते. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवरही गट ठरवताना खालचा थर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. उताराला मूळ सूत्रात जागाच नाही. आणि कृष्णा किंवा पंचगंगेसारख्या मोठ्या खोऱ्यात एकच नंबर, एकच पाऊस धरणे निरर्थक आहे. तिथे उपपाणलोट पाडून, धरणांचे विसर्ग आणि नदीतून पाणी पुढे सरकायला लागणारा वेळ धरणारी प्रारूपेच हवीत.

काम केल्यावर काय बदलेल

याच पद्धतीने कामाचा परिणामही आधी जोखता येतो. आपल्या पाणलोटात भारी जमिनीवरचे बांध दुरुस्त केले (८३ चे ७९) आणि पडीक रानात चराईबंदी करून गवत राखले (८५ चे ७४), तर सरासरी नंबर ७६.२ वर येतो. मध्यम ओलाव्यातल्या ६० मिलिमीटर पावसाचा अपधाव २५.१ वरून २०.६ होतो. एका पावसात सुमारे १८ हजार घनमीटर पाणी रानातच थांबते. पण १५० मिलिमीटरच्या पावसात अपधाव १०१ वरून ९१ होतो. पहिल्या वेळी घट १८ टक्क्यांची, दुसऱ्या वेळी जेमतेम साडेनऊ. गवत आणि बांध रोजच्या पावसाला अडवतात, अतिवृष्टीला फक्त थोडे मंदावतात. म्हणून माथ्यावर कितीही चांगले काम झाले, तरी पायथ्याच्या सांडव्याची रुंदी कमी करू नये.

यातूनच या हिशेबाचा मुख्य नियम निघतो. एका पाणलोटाला एकच अपधाव नसतो, म्हणून आधी प्रश्न कोणता ते ठरवावे. तळे भरेल का, पिण्याचे पाणी पुरेल का, असे विचारायचे असेल तेव्हा कोरड्या वर्षाच्या रोजच्या नोंदी घ्या आणि हात आखडता ठेवून अंदाज करा. भराव टिकेल का, मोरी तुंबेल का, घरे पाण्याखाली जातील का, असे विचारायचे असेल तेव्हा रान आधीच भिजलेले आहे असे धरा आणि तासाचा मोठ्यात मोठा पाऊस घ्या. दोन्ही आकडे आराखड्याच्या एकाच पानावर, शेजारी शेजारी लिहा. त्यांच्याखाली माती, वापर, ओलावा आणि पाऊस काय धरला तेही लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी पेरा बदलला, रस्ता रुंद झाला किंवा माळावर प्लॉट पडले, तर हिशेब नेमका कुठून बदलायचा ते पुढच्या माणसाला शोधत बसावे लागणार नाही.